नाकेबंदी आणि बेगमी : पेडणे व डिचोली महालांच्या पुरवठ्याचा इतिहास



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करतो. आयुष्यभर मराठी भाषा व वाङ्मय शिकविलेल्या माणसाने धान्य, मीठ आणि लोहखनिज यांच्या वाहतुकीवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. परंतु भाषेचा अभ्यासक जेथून सुरुवात करतो तेथूनच, म्हणजे एका शब्दापासून, मीही सुरुवात करणार आहे. तो शब्द आहे 'बेगमी'.

पावसाळ्यापूर्वी घरात भरून ठेवलेल्या धान्याला, मिठाला, सुक्या मासळीला आणि सरपणाला आपण बेगमी म्हणतो. मूळ फारसी 'बे-गम', म्हणजे चिंता नसलेला. साठा हा अर्थ त्या शब्दाला मागाहून चिकटला. मूळ अर्थ निश्चिंतीचा आहे. गोव्यात याच व्यवहाराला दुसराही एक शब्द आहे, 'पुरुमेंत'. तो पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून आला. मृग नक्षत्रापूर्वी गावोगाव भरणाऱ्या फेस्तांना आजही पुरुमेंताचे फेस्त म्हणतात. एक शब्द फारसीतून आला, एक पोर्तुगीजमधून आला. चिंता मात्र इथल्या मातीतलीच होती. चार महिने नद्या फुगणार, समुद्र बंद होणार आणि घाट निसरडे होणार, त्या काळात चूल कशी पेटती ठेवायची?

पावसाची नाकेबंदी दरवर्षी ठरलेल्या दिवशी येते, म्हणून तिची बेगमी करता येते. राज्याराज्यांच्या भांडणातून येणारी नाकेबंदी मात्र पंचांगात नसते. तशी नाकेबंदी आली तेव्हा आपल्या या दोन महालांनी ती कशी सोसली, कशाच्या बळावर सोसली आणि त्या बळाची किंमत कोणी मोजली, एवढाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

महालांची घडण

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल पोर्तुगिजांच्या 'नव्या काबिजातीं'पैकी होत. अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात ते कायमचे पोर्तुगीज अंमलाखाली गेले. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून मिळाले. पणजीच्या आणि सासष्टीच्या मानाने हा अंमल पुष्कळच उशिराचा. राजकीय सीमा बदलली तरी सोयरीक बदलली नाही. पेडण्याच्या लेकी बांदे, आरोंदे, सातार्डा येथे दिलेल्या आणि तिकडच्या सुना इकडे आणलेल्या. देवस्थानांचे मानकरी आणि कुळे-उपकुळे सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेली. ही गोष्ट मी मुद्दाम आरंभी सांगतो, कारण पुढे जेव्हा सीमा खरोखरच बंद झाली, तेव्हा जे तुटले ते केवळ व्यापाराचे नाते नव्हते.

भूगोल पाहा. पेडणे हा तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमधला प्रदेश. दक्षिणेकडे उर्वरित गोव्यात जायचे तर शापोरा ओलांडावी लागते. उत्तरेला मात्र पत्रादेवीजवळ पायवाट थेट बांद्याला लागते. तेरेखोलचा किल्ला तर नदीच्या पलीकडच्या काठावर असूनही पेडण्यात मोडतो. म्हणजे या महालाचा नैसर्गिक बाजार पणजीपेक्षा बांदा आणि सावंतवाडी हाच होता. डिचोलीचे तोंड दोन दिशांना. पूर्वेला सांखळीवरून चोर्ला घाटाने बेळगाव आणि उत्तरेला दोडामार्गावरून रामघाट. पश्चिमेला मात्र मांडवी, आणि मांडवीच्या मुखाशी अवघा समुद्र. बैलांचे तांडे मीठ, सुपारी, नारळ आणि सुकी मासळी घाटावर नेत आणि येताना ज्वारी, कडधान्ये, गूळ, मिरची आणत. घाटावरचा तो 'घाटी' आणि खालचा तो 'कोंकणी' अशी थट्टा चाले. पण दोघांची ताटे एकमेकांवाचून पूर्ण होत नव्हती.

डिचोलीची दुसरी ओळख कारागिरीची. इथल्या पितळी समया आणि मातीची भांडी दूरवर प्रसिद्ध आहेत. माती इथली, पितळ मात्र बाहेरचे. धातू बाहेरून यायचा, त्यावरचे कौशल्य इथले, आणि घडलेली वस्तू पुन्हा बाहेर जायची. आज ज्याला आपण पुरवठ्याची साखळी म्हणतो ती हीच. तिच्यातली एक कडी निखळली की कारागीर हातोडी खाली ठेवतो.

मिठाचा करार

बाहेरच्या राजकारणाने आपल्या पुरवठ्यावर घातलेला पहिला मोठा घाव मला एकोणिसाव्या शतकात दिसतो. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये करार झाला. मुरगाव बंदर आणि तेथून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग ही त्यातली आकर्षक बाजू. दुसऱ्या बाजूला गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांची जकात एक करण्यात आली, आणि गोव्यातील मिठाचे उत्पादन ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेले. त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळावयाचे होते.

आता पेडण्यातील एका गावाचे नाव आठवा : आगरवाडा. 'आगर' म्हणजे मिठागर. ज्या गावाचे नावच मिठावरून पडले, त्या गावाच्या मिठावर परक्या सरकारचा पहारा बसला. मीठ ही बेगमीतली सर्वांत स्वस्त वस्तू. पण तिच्यावर मासळी टिकते, लोणचे टिकते आणि बैलांचा तांडा घाट चढतो. मिठाचे उत्पादन आखडले आणि त्याची किंमत वाढली, तेव्हा झळ मिठागरवाल्यापुरती राहिली नाही. ती कोळ्याला लागली, शेतकऱ्याला लागली, घाटावरून धान्य आणणाऱ्यालाही लागली. जानेवारी १८९२ मध्ये हा करार संपुष्टात आला. आगगाडी राहिली, बंदर राहिले. परंतु लिस्बन आणि लंडन येथे बसून ठरविलेल्या कलमांनी आगरवाड्याची चूल हलू शकते, हे त्या बारा वर्षांनी दाखवून दिले.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, तरीही युद्ध आपल्या दारी आलेच. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर येणारा रंगूनचा तांदूळ थांबला. तटस्थ राहण्याने तोफा टळतात. भाताची टंचाई टळत नाही.

१९५४ ते १९६१ : नाका बंद होतो

आता मुख्य विषयाकडे येतो. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. गोव्याच्या प्रश्नावर वाटाघाटी करण्याचे भारताचे प्रयत्न पोर्तुगालने धुडकावले, तेव्हा ११ जून १९५३ रोजी भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. १९५४ पासून प्रवासावर, मालावर आणि पैशांच्या देवघेवीवर निर्बंध येऊ लागले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींनी तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला हजारो निःशस्त्र सत्याग्रही सीमेवर आले आणि पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. वीसाहून अधिक सत्याग्रही त्या दिवशी हुतात्मा झाले. तेरेखोलला हिरवे गुरुजी पडले, पत्रादेवीला कर्नेलसिंग पडले. ही दोन्ही ठिकाणे आपल्या पेडण्यातली आहेत, याचा विद्यार्थ्यांनी विसर पडू देऊ नये.

या रक्तपातानंतर राजनैतिक संबंध पूर्णपणे तुटले. १ सप्टेंबर १९५५ पासून गोव्यातील भारतीय वकिलात बंद झाली. आगगाडी थांबली. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरी थांबल्या. गोव्यातील कितीतरी घरांची खरी बेगमी मुंबईतल्या गिरण्यांत, कार्यालयांत आणि आगबोटींवर नोकरी करणाऱ्या मुलांच्या पगारात होती. ती वाट बंद होताच सरकारी आकडेवारीत न दिसणारी टंचाई घराघरांत शिरली.

या निर्बंधांमागचा हेतू स्पष्ट होता. शस्त्र न उचलता सालाझारच्या राजवटीला वाटाघाटीला आणावे. सुमारे सहा लाख वस्तीचा, आपल्यापुरता तांदूळही न पिकविणारा, तिन्ही बाजूंनी भारताने वेढलेला हा चिमुकला प्रदेश किती काळ टिकेल, असा हिशेब होता. पण तो चुकला. गोवा सात वर्षे टिकला. कसा टिकला?

सात समुद्रांची बेगमी

चौथी बाजू मोकळी होती, ती समुद्राची. या वर्षांत गोव्याच्या बाजारात जो माल आला त्याची यादीच बोलकी आहे. बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, तांदूळ आणि भाजीपाला पाकिस्तानातून, सिमेंट जपानहून, पोलाद बेल्जियमहून, दारू पोर्तुगालहून. १९५५ मध्ये दाबोळीचा विमानतळ उभा राहिला आणि पोर्तुगीज इंडियाची विमानसेवा सुरू होऊन कराचीशी हवाई संबंध जुळला. बेळगावहून येणारा बटाटा बंद झाला म्हणून तो हॉलंडहून आणायचा, हे वरवर हास्यास्पद वाटते. पण प्रश्न अंतराचा नव्हता. बटाट्याची किंमत परकीय चलनात कोण देणार, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर डिचोलीच्या डोंगरांत होते.

गोव्यात लोहखनिजाचे परवाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून दिले जात होते; परंतु निर्यातीला खरी सुरुवात १९४७ मध्ये झाली, आणि तीही जेमतेम हजार टनांची. पुढे जे घडले ते इथल्या कोणाच्या कर्तबगारीने जेवढे घडले, तेवढेच ते दूरच्या राजकारणाने घडले. १९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी राजवट आली आणि १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले. जपानचे पोलाद कारखाने पुन्हा उभे राहत होते, पण चीनचे खनिज त्यांना दुरापास्त झाले होते. त्यांना नवी खाण हवी होती. १९५१ च्या सुमारास चौगुले कंपनीशी झालेल्या व्यवहारातून जपानी यंत्रे कर्जाऊ आली आणि त्यांची फेड खनिजानेच करायची असे ठरले. शिरगावची खाण त्यातून यंत्रांवर चालू लागली. १९५४ मध्ये, म्हणजे निर्बंध सुरू झाले त्याच वर्षी, गोव्याची निर्यात दहा लाख टनांच्या घरात पोहोचली होती. १९५९ मध्ये मुरगाव बंदरात खनिज भरण्याची यांत्रिक व्यवस्था उभी राहिली.

वाहतुकीची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. डोंगरातून काढलेले खनिज ट्रकने पिळगावच्या सारमानस धक्क्यासारख्या धक्क्यांवर यायचे, तेथून बार्जमध्ये भरून मांडवीने मुरगावला जायचे. पावसाळ्यात आग्वादच्या वाळूच्या बांधामुळे मांडवीचे मुख धोक्याचे होते. तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीत उतरत. या साखळीच्या एकाही कडीला भारताची सीमा लागत नव्हती. आगगाडी बंद झाली तरी नदी चालू होती, आणि नदीला नाका नसतो. डिचोलीची माती जपानला जायची, तिचे परकीय चलन व्हायचे, आणि त्या चलनाचे बटाटे, सिमेंट आणि चहा होऊन मुरगावला उतरायचे. निर्बंधांचा हिशेब चुकला तो इथे.

जगातील इतर उदाहरणांशी ताडून पाहिले की हे वेगळेपण अधिक उमगते. १९४८-४९ मध्ये बर्लिन शहर रशियनांनी कोंडले, तेव्हा ते विमानांनी आणलेल्या कोळशावर आणि पिठावर जगले. पण त्यासाठी दोन बलाढ्य राष्ट्रांनी आपली तिजोरी मोकळी केली होती. गोव्याने आपली नाकेबंदी स्वतःच्या खनिजाच्या पैशाने फोडली. १९५६ च्या अखेरीस सुवेझ कालवा बंद पडला आणि सुमारे पाच महिने बंद राहिला. लिस्बनच्या आणि युरोपच्या बोटींना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. जपानची वाट मात्र पूर्वेकडे, मलाक्काच्या सामुद्रधुनीतून होती. तिला सुवेझचा अडथळा नव्हता. एका दिशेची वाट अडली तेव्हा दुसऱ्या दिशेची मोकळी होती, हे गोव्याचे भाग्य.

पेडण्याची दुसरी कहाणी

हे सगळे डिचोलीचे झाले. पेडण्यात लोहखनिजाची सुबत्ता नव्हती. मुरगावला उतरलेला डच बटाटा दक्षिणेतून नद्या ओलांडत इथवर यायचा, आणि ज्याच्या हाती खाणीचा पैसा नाही त्याला तो परवडेलच असे नव्हते. पेडण्याचा शेजारचा बाजार बंद झाला होता. बांदा हाकेच्या अंतरावर होता, पण हाकेला उत्तर द्यायला परवाना लागे. लग्नाच्या, बाराव्याच्या, जत्रेच्या निमित्ताने सहज होणारे येणेजाणे संपले.

इथे टिकाव धरला तो शेतीने आणि सोयरिकीने. खाजनातले आणि मरडातले भात, कुळीथ, नाचणी, हरमलची मिरची, किनाऱ्याची मासळी, काजू आणि नारळ, या जुन्या बेगमीवर महाल तगला. रात्रीच्या अंधारात तेरेखोलच्या काठाने आणि डोंगरवाटांनी माल इकडून तिकडे जात होता, हेही खरे आहे. सरकारने त्याला चोरटा व्यापार म्हटले. त्यात घड्याळे आणि सोने घेऊन श्रीमंत होणारे होते, तसेच मावशीच्या घरी अर्धी पायली डाळ पोहोचवणारेही होते. इतिहासकाराने या दोघांना एका रांगेत बसवू नये.

मराठीचा शिक्षक म्हणून आणखी एका पुरवठ्याचा उल्लेख केला पाहिजे. पेडणे-डिचोलीतल्या मराठी शाळा लोकवर्गणीवर चालत. त्यांची बहुतांश पुस्तके आणि मासिके मुंबई-पुण्याकडून येत आणि त्यांची वाट भाजीपाल्याचीच होती. नाका बंद झाला तेव्हा तांदळाबरोबर शब्दांचीही टंचाई झाली. अशा वेळी एक पुस्तक अनेक हातांतून जाते. थोरल्याचे धाकट्याला, धाकट्याचे शेजाऱ्याला. ज्या समाजाने आपली शाळा त्या दिवसांत बंद पडू दिली नाही, त्याचे ऋण आजच्या माजी विद्यार्थ्यांनी मानलेच पाहिजे.

टिकले, पण काय गमावले?

सात वर्षे टिकण्याला यश म्हणावे काय? अन्नधान्य मिळत राहिले या अर्थी म्हणावे. परंतु त्या यशाची जमाखर्चाची वही उघडली तर दुसरे पान दिसते.

पहिली गोष्ट, आयात जेवढी सोपी झाली तेवढी इथली शेती दुबळी झाली. खाणीवर रोख मजुरी मिळू लागली तेव्हा डिचोलीतले मनुष्यबळ शेतातून डोंगराकडे वळले. डोंगरावरचा लाल चिखल पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत उतरू लागला. दुसरी गोष्ट, सारी साखळी एका वस्तूवर आणि एका मोठ्या गिऱ्हाइकावर टांगली गेली. तिसरी गोष्ट, ज्या राजवटीविरुद्ध तेरेखोलला आणि पत्रादेवीला माणसे मेली, ती राजवट काही अंशी याच खनिजाच्या उत्पन्नावर तग धरून राहिली. १९५८ मध्ये रुपियाच्या जागी एश्कुद हे चलन आले. एका रुपियाचे सहा एश्कुद झाले. बाजारातल्या नाण्यालाही आता लिस्बनकडे तोंड करायला लावले होते.

न्यायालयाच्या पायरीवरही वाटेचाच वाद चालू होता. दादरा-नगरहवेलीत जाण्याचा हक्क मागण्यासाठी पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा केला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात नागरिक व माल यांच्या वाहतुकीचा हक्क मान्य झाला, सैन्याच्या वाहतुकीचा नाही, आणि भारताने आपले कर्तव्य मोडले असेही न्यायालयाला दिसले नाही. वाट ही केवळ पायाखालची जमीन नसते. ती सार्वभौमत्वाची रेषा असते, हे त्या खटल्याने जगापुढे मांडले.

शेवट आपण जाणता. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य दोडामार्गाच्या बाजूने आत आले. माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने डिचोली, अस्नोडा आणि शापोरा येथील पूल उडविले. सात वर्षे नाके बंद करण्यात गेली आणि अखेरच्या रात्री पूल तोडण्यात. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पेडण्याची माणसे पुन्हा परवान्याशिवाय बांद्याला जाऊ लागली. माझ्या मते मुक्तीचा सर्वांत साधा आणि सर्वांत खरा अर्थ हा होता.

मुक्तीनंतरची पाने

मुक्तीनंतर सीमा उघडली, पण खनिजावरची भिस्त कमी झाली नाही, उलट वाढली. १९७१ च्या सुमारास निर्यात एक कोटी टनांवर गेली. पुढे जपानची जागा चीनने घेतली आणि २०१०-११ मध्ये निर्यातीने पाच कोटी टनांचा आकडा ओलांडला. शिरगावचे ग्रामस्थ विहिरी आणि झरे आटल्याचे गाऱ्हाणे घेऊन न्यायालयापर्यंत गेले. श्रीलैराईच्या जत्रेसाठी हजारो धोंड ज्या गावात येतात, त्या गावाला पाण्याची चिंता पडली. बेगमी म्हणजे निश्चिंती. इथे बेगमीनेच चिंता निर्माण केली.

मग नाकेबंदी पुन्हा आली, आणि या वेळी ती कोणा परक्याने घातलेली नव्हती. शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती उठविण्यात आली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण न्यायालयाने रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या. सारमानसच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रक उभे राहिले, बार्ज नदीत नांगर टाकून बसल्या. १९५५ ची नाकेबंदी ज्या वस्तूने फोडली, तीच वस्तू बंद पडली तेव्हा डिचोलीकडे दुसरी वाट तयार नव्हती. माझ्या मते आजच्या सगळ्या विवेचनाचे सार या एका वाक्यात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीसह चार खाणपट्ट्यांचा लिलाव झाला आणि २०२४ मध्ये डिचोलीची खाण पुन्हा सुरू झाली. खाण सुरू झाली. प्रश्न मिटला असे मात्र म्हणता येत नाही.

आजचे कारखानेही या नियमाला अपवाद नाहीत. आमोण्याचा कच्च्या लोखंडाचा कारखाना १९९२ पासून उभा आहे. खनिज शेजारच्या डोंगरात असले तरी कोक बनविण्याचा कोळसा समुद्रापलीकडून येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि जगभर कोळशाचे भाव चढले. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपकडे जाणाऱ्या अनेक बोटींनी पुन्हा आफ्रिकेचा वळसा धरला. १९५६ ची आठवण यावी असाच तो प्रसंग. मार्च २०२० मध्ये साथीमुळे राज्याच्या सीमा बंद झाल्या, त्या वेळी पत्रादेवीचा आणि चोर्ल्याचा नाका अडताच गोव्याच्या बाजारातली भाजी संपली. साठ वर्षांत आपण हॉलंडवरून पुन्हा बेळगावावर आलो होतो, पण स्वतःच्या परसावर आलो नव्हतो.

पेडण्यापुढे आता नवी दारे उघडली आहेत. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटित होऊन जानेवारी २०२३ पासून वाहता झाला. तुयेला उद्योगांसाठी जागा राखली गेली आहे. तिळारीचे पाणी महाराष्ट्रातून येऊन पेडणे, बार्देश, डिचोलीची तहान भागवते. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले की सारा कोकण मार्ग थांबतो, हे आपण २०२४ च्या पावसाळ्यात पाहिले. ज्या महालाने खाणीशिवाय, शेतीवर आणि सोयरिकीवर नाकेबंदी सोसली, त्याने आता आपली सारी भिस्त विमानाने येणाऱ्या पाहुण्यावर ठेवावी काय, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो. डिचोलीने एका वस्तूवर विसंबून काय मिळविले आणि काय गमावले, ते शेजारच्याच महालात लिहून ठेवलेले आहे.

उपसंहार

एखाद्या प्रदेशाचा चिवटपणा कशात असतो? दोन महालांच्या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, वाटांची संख्या. नदी, घाट, बंदर, आगगाडी यांतील एक अडली तरी दुसरी चालू राहावी. दुसरी, घरची बेगमी. आपल्या खाजनात, परसात आणि कारागिराच्या हातात जे उरते ते कोणत्याही कराराने थांबविता येत नाही. तिसरी, शेजाऱ्याशी असलेले नाते. बांद्याची मावशी नाक्यापेक्षा टिकाऊ ठरली. डिचोलीकडे पहिली होती, पण तिच्यापायी दुसरी झिजली. पेडण्याकडे पहिली नव्हती; दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीवर ते जगले. पुढच्या पिढीने तिन्ही एकत्र जपावयाच्या आहेत.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, की नाका बंद होता त्या वर्षांत आपल्या घरात काय शिजत होते, तांदूळ कोठून येत होता आणि मुंबईचा पैसा कसा पोहोचत होता. त्या काळात जे कर्ते होते ते आता फारसे उरले नाहीत. जे मुले होते ते सत्तरीच्या पुढे गेले आहेत. बंदरातल्या वह्यांत टनांचे आकडे मिळतील, पण अर्ध्या पायली डाळीची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. ती तुम्ही लिहून ठेवलीत, तर या विद्यालयाच्या संग्रहात पुढच्या शतकासाठी एक खरी बेगमी होईल.